औषध कंपनीचं लिटरेचर आणि शेक्सपिअरचं लिटरेचर

प्रश्न असा आला आहे: ‘औषध कंपन्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांच्या टेबलावर चकचकीत पत्रकं ठेवतात, त्यांना ते लिटरेचर म्हणतात. पीएचडी करणारे लिटरेचर रिव्ह्यू लिहितात. आणि बी.ए.ला मुलं इंग्लिश लिटरेचर घेतात, तिथे मात्र शेक्सपिअर आणि वर्ड्सवर्थ असतात. यातला मूळ अर्थ कोणता? पत्रकाला लिटरेचर म्हणणं चूकच ना?’

चूक नाही. पत्रकासाठीचा वापर तसा अलीकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. पण ‘जे जे लिहिलेलं आहे ते’ हा ज्या ऐसपैस अर्थातून तो निघाला, तो फार जुना. कथा, कविता, नाटक एवढ्यापुरता आक्रसलेला अर्थ हाच त्या घरातला नवखा पाहुणा. आज तो यजमानासारखा वागतो म्हणून आपला गोंधळ होतो.

लॅटिनमध्ये ‘लिट्टेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून ‘लिट्टेरातुरा’. ग्रीकांच्या व्याकरणविद्येला लॅटिनमध्ये हाच शब्द वापरला गेला, असं रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन सांगतो. इंग्रजीत शब्द आला तोही ‘विद्वत्ता’ या अर्थाने. तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६०५ साली पहिल्या जेम्स राजाची स्तुती करताना म्हटलं, की महाराजांच्या ठायी दैवी आणि लौकिक अशा दोन्ही लिटरेचरचा दुर्मीळ संगम आहे. इथे लिटरेचर ही माणसाजवळ असण्याची गोष्ट आहे, कपाटातली नव्हे. दीडशे वर्षांनी, १७५५ च्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने अर्थ दिला तोही ‘विद्या, अक्षरविद्येतलं कौशल्य’ असाच. कवितेचा किंवा नाटकाचा तिथे उल्लेख नाही. मिल्टनच्या चरित्रात तर तो कवीच्या वडिलांबद्दल म्हणतो, की त्यांच्याजवळ सामान्यांहून अधिक लिटरेचर असावं, कारण मुलाने त्यांना उद्देशून लॅटिन कविता लिहिली आहे. आजच्या विद्यार्थ्याला हे वाक्य वाचून वडिलांची पुस्तकं शोधावीशी वाटतील!

मग शेक्सपिअरच्या काळात या सगळ्या लेखनाला काय म्हणत? ‘पोएझी’. १५९५ साली छापलेल्या कवी फिलिप सिडनीच्या काव्यसमर्थनात झेनोफोन या प्राचीन ग्रीक लेखकाच्या गद्य ग्रंथालाही महाकाव्याचा मान मिळतो. सिडनीच्या मते वृत्त हा काव्याचा नुसता पेहराव. नाटकांची स्थिती मात्र वाईट होती. नाटककार बेन जॉन्सनने १६१६ मध्ये आपली नाटकं ‘वर्क्स’ या भारदस्त नावाखाली छापली तेव्हा लोकांनी टर उडवली. ऑक्सफर्डचं मोठं ग्रंथालय उभं करणाऱ्या टॉमस बॉडलीने १६१२ साली आपल्या ग्रंथपालाला बजावलं, की पंचांगं आणि नाटकं असला फालतू माल आत घेऊ नका. शेक्सपिअरचा १६२३ चा पहिला संग्रह तरीही तिथे पोचला. पुढे नवी आवृत्ती आल्यावर जुनी प्रत जास्तीची म्हणून काढून टाकली गेली, आणि १९०६ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून तीन हजार पौंडांना परत घ्यावी लागली. रद्दी आणि राष्ट्रीय ठेवा यांत अडीच शतकांचं अंतर होतं, एवढंच!

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वारं फिरू लागलं. एडिंबरा विद्यापीठात १७६२ साली ह्यू ब्लेअरसाठी खास अध्यासन निघालं, पण त्याच्या नावात वक्तृत्वशास्त्र आणि ‘बेल लेत्र’ (ललित लेखन) हा फ्रेंच शब्द होता. टॉमस वॉर्टनने १७७४ ते १७८१ मध्ये तीन खंड काढले, ते इंग्रजी ‘काव्याच्या’ इतिहासाचे, आणि तेही सोळाव्या शतकातच अडकून राहिले. आज इंग्रजी साहित्याचा कुठलाही इतिहास ज्यापासून सुरू होतो ते ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं काव्य घ्या. त्याचं एकमेव हस्तलिखित १७३१ च्या आगीत होरपळून कसंबसं वाचलं. संपूर्ण काव्य छापलं गेलं १८१५ मध्ये, तेही लंडनला नाही, कोपनहेगनला. आणि छापणाऱ्या थोर्केलिनची समजूत होती की हे डॅनिश काव्य आहे. पाठ्यपुस्तकातलं पहिलं प्रकरण असं सर्वांत उशिरा सापडलं.

आता या शब्दाने आपल्या इकडे काय केलं ते बघा. माझ्या मते या चर्चेतला सर्वांत रंजक भाग तोच. ईस्ट इंडिया कंपनीसाठीच्या १८१३ च्या सनदी कायद्यात ब्रिटिश पार्लमेंटने दरवर्षी निदान एक लाख रुपये ‘लिटरेचरचं पुनरुज्जीवन आणि सुधारणा’, ‘विद्वान नेटिवांना उत्तेजन’ आणि विज्ञानाचा प्रसार यांसाठी राखून ठेवायला सांगितलं. कोणतं लिटरेचर ते कायद्यात नव्हतं. त्यावरून दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, अर्थातच संस्कृत आणि अरबी. २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात मेकॉलेने हा अर्थ खोडून काढला. मिल्टनचं काव्य, लॉकचं तत्त्वज्ञान आणि न्यूटनचं पदार्थविज्ञान जाणणाऱ्या नेटिवाला ‘विद्वान’ का म्हणू नये, असा त्याचा सवाल. ही तीन नावं नीट पाहा. कवी, तत्त्वज्ञ आणि गणिती! म्हणजे युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत-अरबस्तानच्या सगळ्या लिटरेचरच्या तोडीचं आहे, हे त्याचं कुप्रसिद्ध विधान आपण ‘साहित्या’बद्दलचं समजून वाचतो, पण वाद नुसत्या कथा-काव्याचा नव्हता. टिपणात पुढे वैद्यक, ज्योतिष, इतिहास, भूगोल सगळं येतं. मराठीत ते उद्धृत करताना ‘वाङ्मय’ लिहिलं तर अर्थ जागेवर राहतो. उद्दामपणा तेवढाच राहतो, ही गोष्ट वेगळी.

विलायतेत हा विषय शिकवायला लंडनचं नवं विद्यापीठ १८२८ मध्ये पुढे आलं. ऑक्सफर्डने बरीच टाळाटाळ केली. ग्रीक-लॅटिन कष्टाने शिकावं लागतं. मायबोलीतल्या कविता तर कुणीही घरी वाचतो, त्याची परीक्षा कसली? १८८७ च्या वादात इतिहासाचे प्राध्यापक फ्रीमन यांनी या अभ्यासाची संभावना ‘शेलीबद्दलच्या गप्पा’ अशी केली. अखेर १८९४ मध्ये विभाग सुरू झाला, तो जुन्या इंग्रजीच्या व्याकरणाचं भरपूर ओझं लादूनच. केंब्रिजला स्वतंत्र परीक्षेसाठी १९१७ उजाडलं. भारतातल्या शाळा-कॉलेजांत मात्र मिल्टन-शेक्सपिअर त्याआधी कित्येक दशकं घोकले जात होते. इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडच्या आधी वसाहतीत रुजला, हे अभ्यासक गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली सविस्तर मांडलं. त्यात स्कॉटलंडचा अपवाद ध्यानात ठेवावा असं मला वाटतं. ब्लेअरची व्याख्यानं त्याच्याही आधीची.

अभ्यासक्रम आला की काय आत आणि काय बाहेर हे ठरवावंच लागतं. प्रश्नपत्रिकेत न्यूटन बसेना, त्याला दुसरा विभाग मिळाला. आक्रसलेला अर्थ असा पक्का झाला. जुना अर्थ मेला नाही: एखाद्या विषयावरचं एकूण लेखन म्हणजे त्या विषयाचं लिटरेचर, आणि त्याच्याच शेपटाला डॉक्टरांच्या टेबलावरचं पत्रक. १९०२ चं लिटरेचरचं नोबेल रोमचा इतिहास लिहिणाऱ्या मोम्सेनला मिळालं, तेही याच ऐसपैस अर्थाच्या बळावर.

आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि आपण ते उगाच एकाच मापाने वापरतो. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने काव्यमीमांसेत वाङ्मयाचे सरळ दोन भाग केले, शास्त्र आणि काव्य. म्हणूनच ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ हे नाव चपखल बसतं. त्यात ‘अखंड’ नावाच्या पद्यरचना आहेत, नाटक आहे, निबंध आणि पत्रंही आहेत. ‘साहित्य’ ललिताकडे झुकलेला शब्द, जरी पूजेचं आणि बांधकामाचं साहित्य त्याला अधूनमधून जमिनीवर आणत असलं तरी.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझी शिफारस: बी.ए.चा विषय इंग्रजी साहित्य. औषधाचं ते माहितीपत्रक. आणि प्रबंधातल्या प्रकरणाला ‘साहित्य पुनरावलोकन’ म्हणू नये. रसायनशास्त्राच्या प्रबंधात ते वाचलं की परीक्षानळ्यांची मोजदाद केल्यासारखं वाटतं. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ म्हणावं. वैद्यकीय प्रतिनिधींनी बोलताना लिटरेचरच म्हटलं तर त्यांना अडवू नका, तो त्यांच्या धंद्यातला रुळलेला शब्द आहे.