तिथेही हिवाळा असतो

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोव्हेंबर ते मार्च एखाद्या उबदार किनाऱ्यावर जाऊन राहायचं तुझ्या मनात आहे, आणि काम लॅपटॉपवरचं असल्यामुळे कुणाची आडकाठीही नाही. जरूर जा. असा सलग मोकळा काळ पुढे सहजासहजी हाती लागत नाही. फक्त तू पाठवलेल्या यादीत प्रत्येक गावापुढे एकच आकडा आहे, जानेवारीतलं दुपारचं तापमान. तेवढ्यावरून जागा ठरवू नकोस. उबदार किनाऱ्यावरही हिवाळा येतो, आणि राहायचं असतं ते त्या हिवाळ्यात.

तुझ्या यादीतलं, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मालागाच घे. जानेवारीत तिथे दुपारी साधारण 17 अंश सेल्सिअस तापमान असतं. वाचायला छानच वाटतं. रात्री मात्र पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. भूमध्य समुद्राकाठची बरीचशी जुनी घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली आहेत. फरशा थंड राहाव्यात, ऊन आत येऊ नये, वारा खेळता राहावा, हा तिथल्या बांधकामाचा हेतू. उत्तरेकडच्या देशांत घरभर उष्णता पोहोचवणारी यंत्रणा असते, ती तिथे पुष्कळ घरांत नसतेच. त्यात समुद्राची दमट हवा. मग होतं असं, की बाहेर उन्हात स्वेटर नकोसा होतो आणि घरात टेबलाशी बसलं की बोटं गारठतात, कपाटातल्या कपड्यांना ओलसर वास येतो, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते. पाच महिने रोज आठ तास तुला त्याच टेबलाशी बसायचं आहे. म्हणून घरमालकाला फोटो मागण्याआधी हे विचार: खोलीत दुपारी ऊन येतं का, खिडकी दक्षिणेला आहे का, खोली गरम करायची सोय कोणती, आणि विजेचं बिल भाड्यात धरलेलं आहे की वेगळं.

आता उजेडाबद्दल. माझ्या मते जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असायला हवं. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफेत तो दहा तासांहून मोठा असतो. हिवाळ्यातल्या अपुऱ्या उजेडाशी जोडलेल्या उदासीनतेचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं, आणि त्यावर सकाळच्या प्रखर प्रकाशाचा उपचार आजही दिला जातो. पण हा उजेड खिडकीतून बघून पुरत नाही. दिवसभर पडदे ओढून लॅपटॉपसमोरच बसणार असशील तर गाव कुठलंही असलं तरी काय फरक पडतो? सकाळी कामाला बसण्याआधी तासभर बाहेर चाल. दुपारच्या उन्हाला मात्र कमी लेखू नकोस. हवा गार असली तरी त्या अक्षांशांवर कातडी भाजते.

तेनेरीफेचं नाव निघालंच आहे तर त्या बेटावर उत्तर आणि दक्षिण यांच्या हवेत किती फरक आहे तेही पाहा. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे तेइदे ज्वालामुखीच्या डोंगररांगेला अडतात, त्यामुळे उत्तरेकडची बाजू ढगाळ आणि हिरवी, दक्षिणेकडची कोरडी आणि उन्हाची. तासाभराच्या रस्त्यावर दोन निराळे हिवाळे. बेटाचं सरासरी तापमान यातलं काहीच सांगत नाही. ज्या गावात राहायचं त्याच गावाची माहिती काढ, आणि तिथे वारा कुठून येतो ते विचार.

पोहायची तुझी हौस मला ठाऊक आहे. समुद्र उशिरा तापतो आणि उशिराच निवतो, त्यामुळे नोव्हेंबरात पाणी अजून बरं असतं आणि सगळ्यात गार होतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. जे पोहायचं ते आधी पोहून घे. अटलांटिककडच्या किनाऱ्यांवर मोठ्या लाटांचा मोसम हिवाळाच. पोर्तुगालमधल्या नाझारेच्या अजस्र लाटा याच महिन्यांत उठतात. हिवाळ्यात बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलास तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नकोस. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पड आणि मग वळ. एकट्याने तर उतरूच नकोस.

नियमांचं थोडक्यात सांगतो. तुझ्याकडे युरोपीय संघाचा पासपोर्ट नाही. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या स्पेन-पोर्तुगालसारख्या युरोपीय देशांत मिळून, अल्पकाळच्या मुक्कामाला कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांचीच मुभा असते, म्हणजे तुझे पाच महिने त्यात बसत नाहीत. शिवाय पर्यटक म्हणून राहून काम करता येईलच असं धरून चालू नकोस. दुरून काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगाल आणि स्पेन दोन्ही देश वेगळा व्हिसा देतात. त्याची चौकशी आजच सुरू कर, कागद जमवण्यातच बराच वेळ जातो. आरोग्यविमा पूर्ण मुक्कामाचा घे.

गाव निवडताना आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केवळ पर्यटकांसाठी उभारलेल्या वसाहती जानेवारीत ओस पडतात. उपाहारगृहं बंद, बसफेऱ्या कमी, बोलायला माणूस नाही. एकटेपणाने परत आलेले बरेच जण अशाच ठिकाणी उतरलेले असतात. शाळा, दवाखाना, बाजार बारा महिने चालू असलेलं गाव बघ. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तरेकडची श्रीमंत मंडळी आख्खा हिवाळा राहायला येत. त्यातून घडलेल्या शहराला युनेस्कोने 2021 मध्ये जागतिक वारशाचा दर्जाही दिला. पण अशा मुक्कामाचा भार स्थानिकांवर पडतो, हेही खरं. एप्रिल 2024 मध्ये कॅनरी बेटांवर हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले, त्यांच्या तक्रारींत महागलेली घरं होती. म्हणून पर्यटकांना दिवसाच्या दराने दिली जाणारी सदनिका घेऊ नकोस; हंगामी करार करून, नियमाने भाड्याने दिलेलं घर घे, किंवा कुणाच्या राहत्या घरातली खोली. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना भेट, तिथली भाषा चार वाक्यांपुरती का होईना, शिकायला लाग.

सगळी आगाऊ रक्कम एकदम भरू नकोस. आधी एक महिन्याचं ठरव, घर अंगवळणी पडलं तर पुढचं वाढव. घरमालकाकडून उन्हाबद्दल आणि खोली गरम करण्याबद्दल काय उत्तर येतं ते मला कळव, मग करारावर सही कर.

तुझा,
काका