शेपटी कुरतडली, सडली की फाटली? फायटरवाल्यांचे प्रश्न

यावेळी सगळी पत्रं फायटर माशाचीच, म्हणजे बेट्टाची, आणि सगळी शेपटीवरच अडलेली. गंमत म्हणजे बहुतेकांना "फिन रॉट झालाय", म्हणजे माशाचे पर सडतायत, असंच वाटतंय आणि माझ्या मते खरा फिन रॉट त्यातल्या एकालाच आहे.

प्रश्न: माझ्याकडे निळा हाफमून (अर्धचंद्रासारख्या मोठ्या शेपटीचा) नर आहे, आठ महिने झाले. परवा रात्री झोपताना एकदम मस्त होता, सकाळी लाईट लावला तर शेपटीचा मागचा तुकडाच गायब! वीस लिटरच्या टँकमध्ये एकटाच आहे, दुसरा मासा नाही, काही नाही. खातोय व्यवस्थित. ज्यांच्याकडून आणला ते म्हणाले फिन रॉट आहे, निळं औषध दिलं, ते टाकलं तर पाणी पार शाईसारखं झालंय आणि आता मला मासाच दिसत नाहीये. औषधाच्या आधीचा फोटो जोडलाय.

उत्तर: फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. ताई, हा रॉट नाही. चोर बाहेरचा नाही, घरातलाच आहे, तुमच्या माशाने स्वतःचीच शेपटी खाल्लीये.

कशावरून सांगतो ते बघा. फिन, म्हणजे माशाचा पर किंवा शेपटी, ही छत्री समजा. काड्या असतात आणि काड्यांच्या मधे पातळ कापड. कुठेतरी अडकून फाटलं तर बहुतेक वेळा मधलं कापड उभं चिरतं, काड्या शाबूत राहतात. सडत असेल तर कडेपासून हळूहळू झिजत येतं, कड काळपट किंवा तपकिरी होते, कधी लालसर, कधी पांढुरकी, आणि दोरे निघाल्यासारखी दिसते. आणि चावलेलं असेल तर काड्या आणि कापड दोन्ही एकदमच जातात, बिस्किटाचा घास घेतल्यावर उरतो तसा अर्धगोल खड्डा पडतो, कड स्वच्छ, रंग बदललेला नाही. तुमच्या फोटोत असे दोन घास सरळ शेजारी शेजारी दिसतायत. त्यात हे एका रात्रीत झालं. रॉट सहसा एका रात्रीत एवढा तुकडा नेत नाही, त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात.

मी पण यात फसलोय म्हणून सांगतो. माझ्याकडे एक लाल हाफमून होता, त्याच्यावर मी महिनाभर औषधं बदलत बसलो, हे नाही लागू पडलं तर ते, आणि शेवटी एका संध्याकाळी समोर बसलेला असताना पठ्ठ्याने इंग्रजी सी सारखं अंग वळवलं, शेपटी तोंडात धरली आणि झटका दिला. दोन सेकंदांचं काम. मी बघतच राहिलो.

आधी ते निळं पाणी आवरा. वर्णनावरून ते मिथिलीन ब्लू असावं. औषध वाईट नाही, बुरशीवर चालतं, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणूनही वापरतात, पण चालू टँकमध्ये टाकलं की फिल्टरमधले, माशाची घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया मार खातात, आणि सिलिकॉनचे जोड निळे होतात ते वेगळंच. तीसेक टक्के पाणी बदला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका, एक-दोन दिवसांत रंग उतरायला लागेल. मात्र पुढचे दोन आठवडे दर दोन दिवसांनी पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट (माशाच्या घाणीतून होणारी विषं) टेस्ट करा, दोन्ही शून्यच हवेत, कारण बॅक्टेरिया मेले असतील तर आता खरा रॉट व्हायची सोय आपणच करून ठेवलीये.

मग तो का चावतो हे शोधायचं. माझा पहिला संशय फिल्टरच्या धारेवर. हाफमूनची शेपटी म्हणजे ओला शालू नेसून पोहण्यासारखं आहे, त्यात जोराचा प्रवाह असेल तर तो दमतो, चिडतो आणि शेवटी ओझंच कापून टाकतो. तो दिवसभर एकाच कोपऱ्यात दडून बसतो का बघा, पोहताना शेपटी एका बाजूला ओढली जाते का बघा. तसं असेल तर फिल्टरच्या तोंडावर स्पंज लावा किंवा सरळ एअरपंपवर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. दुसरा संशय काचेवर. खोलीत अंधार आणि टँकचा लाईट चालू असला की आतून काचेचा आरसा होतो आणि साहेबांना रात्रभर समोर दुसरा नर दिसत राहतो. खोलीतला दिवा मालवताना टँकचाही मालवायचा, दिवसाला आठ-दहा तास लाईट खूप झाला. तिसरं म्हणजे कंटाळा, रिकामा टँक. वर तरंगणारी झाडं, रुंद पानांचं एखादं अनुबियास, पाण्याच्या वरच्या थरात टेकायला जागा, एवढं द्या. फायटर वर येऊन हवेतला श्वासही घेतो त्यामुळे वरचा भाग त्याचा खरा दिवाणखाना असतो, पण झाडांनी सगळा झाकूनही टाकू नका.

जखमेला औषध नको, स्वच्छ पाणी पुरे. आणि खरं सांगायचं तर काही मासे एकदा सवय लागली की सोडतच नाहीत, सगळं करून थकलात तरी वाढवतात आणि परत खातात. तसं झालं तर शेपटी आखूड असलेला पण खाऊनपिऊन मजेत असलेला मासा आपला, असं म्हणायचं.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. माझा लाल वेलटेल (लांब लोंबत्या शेपटीचा फायटर) काचेच्या बाऊलमध्ये आहे, चार लिटर पाणी मावतं. मी दर रविवारी सगळं पाणी फेकून बाऊल साबणाने स्वच्छ धुतो. तरी शेपटीची कड काळी झालीये आणि तीन आठवड्यांत ती बरीच आखूड झाली. आई म्हणते मीठ टाक. टाकू का?

उत्तर: मित्रा, तू मेहनत खूप करतोयस पण उलट्या बाजूने. आणि साबण आजपासून बंद, अगदी थोडा राहिला तरी माशाला घातक आहे.

हा मात्र खरा फिन रॉट वाटतोय. काळी कड, हळूहळू पुढे सरकणारी, तीन आठवडे चाललेलं, सगळं जुळतंय. (काही फायटरना जन्मतःच फिन्सला काळी किनार असते, म्हणून त्याचा जुना फोटो काढून ताडून बघ. पण तुझी शेपटी आखूडही होतेय, म्हणजे नुसता रंग नाही.) हे करणारे बॅक्टेरिया पाण्यात एरवीही असतातच, निरोगी माशाला ते काही करत नाहीत. मासा घाण पाण्याने कमजोर झाला की फिन्सवर बसतात. आणि पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी घाण असू शकतं, कारण माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून आणि त्याच्या कल्ल्यांमधून अमोनिया सुटतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या, जुन्या टँकमध्ये फिल्टरवर राहणारे बॅक्टेरिया त्याचा आधी नायट्राइट आणि मग बराच कमी त्रासदायक नायट्रेट करतात. तुझ्या बाऊलमध्ये फिल्टर नाही, आणि जे थोडेफार बॅक्टेरिया काचेवर बसत असतील ते तू दर रविवारी घासून टाकतोस. म्हणजे सोमवारपासून शनिवारपर्यंत अमोनिया चढत जातो आणि रविवारी एकदम सगळं नवं पाणी, नवं तापमान. त्याला दर आठवड्याला नवा धक्का.

आता असं कर. रोज अर्धं पाणी बदल. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं आणि त्यात क्लोरीन मारणारं औषध, डीक्लोरिनेटर, घातलेलं हवं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो हे खरं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामिन असतं, ते तसं उडत नाही. तापमान २५ ते २७ अंश ठेव, त्यासाठी थर्मामीटर घे, हात बुडवून अंदाज नको. तापमान मुद्दाम ३० च्या वर नेऊ नकोस, लवकर बरं होईल म्हणून लोक नेतात, पण असल्या काही बॅक्टेरियांना ऊब जास्तच मानवते. खाणं कमी घाल, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि घरी बोलून वीस लिटरच्या आसपासचा टँक, हीटर आणि स्पंज फिल्टर यांची सोय बघ, कारण बाऊल राहिला तर हे दुखणं परत येणार. नवा टँक तयार व्हायला, म्हणजे फिल्टरवर ते चांगले बॅक्टेरिया बसायला, चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत अमोनिया टेस्ट करत पाणी बदलत राहायचं.

मिठाचं आईला सांग की त्या चुकीच्या नाहीत, पण पहिले चार-पाच दिवस नुसतं पाणी बदलून बघू. कड पुढे सरकायची थांबली तर मिठाची गरजच नाही. नाही थांबली तर लिटरला साधारण एक ग्रॅम, म्हणजे तुझ्या बाऊलला चार ग्रॅम, दुसरं काही न मिसळलेलं मीठ वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून मग हळूहळू ओत. खडा थेट माशावर पडता कामा नये. सगळ्यात जास्त चूक इथे होते बघ: मीठ हवेत उडून जात नाही, म्हणून दोन लिटर पाणी काढलंस तर परत घालताना दोनच ग्रॅम मीठ, चार नाही. सात ते दहा दिवस, मग बंद. आत झाडं किंवा गोगलगाय असेल तर मीठ टाकू नकोस. आणि एप्सम सॉल्ट हे वेगळंच प्रकरण आहे, ते यासाठी नाही.

सडणं शेपटीच्या मुळापर्यंत, अंगाला टेकायला आलं, अंगावर लाल चट्टे दिसले किंवा त्याने खाणं सोडलं, तर मात्र वाट बघत बसायचं नाही. मग अँटिबायोटिक लागतं, आणि ते माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच, घरातली माणसांची कॅप्सूल फोडून नाही. दर दोन दिवसांनी एकाच बाजूने, काचेमागे चौकटीचा कागद लावून फोटो काढ. चौकटी मोजल्या की कळतं कमी होतंय की वाढतंय, नुसत्या डोळ्यांना आपल्याला हवं तेच दिसतं.

प्रश्न: फिन रॉट बरा झाला असं वाटत होतं पण आता शेपटीच्या कडेला पांढरट पारदर्शक पट्टी आलीये. परत सुरू झालं का? बुरशी आहे का?

उत्तर: अभिनंदन, ती नवीन शेपटी आहे! नवं फिन आधी प्लास्टिकच्या पातळ कागदासारखं बिनरंगाचं येतं, रंग नंतर भरतो, कधी कधी जुन्यापेक्षा वेगळाच. मोबाईलचा टॉर्च बाजूने क्षणभर धरा. पट्टी सपाट, गुळगुळीत आणि आत बारीक काड्या दिसतायत तर वाढ. कापसासारखे पुंजके लोंबतायत तर बुरशी. पूर्ण भरायला महिना-दोन महिने धरा, आणि नवा भाग थोडा वाकडा आला तर मनाला लावून घेऊ नका. फक्त आता बरं झालं म्हणून पाणी बदलणं सोडू नका, ही नवी कड फार नाजूक असते.

प्रश्न: शेपटीत एकच उभी चीर आहे, कड साफ, आठवडाभर तशीच. टँकमध्ये प्लास्टिकची दोन झाडं आणि एक छोटा किल्ला आहे.

उत्तर: अडकून फाटलंय. जुना नायलॉनचा पायमोजा घ्या आणि झाडांवरून, किल्ल्याच्या दारातून, खिडक्यांतून ओढत न्या. जिथे मोजा अडकला तिथे शेपटी अडकते. प्लास्टिकची झाडं जवळपास नक्की नापास होतील, ती काढाच. किल्ल्याची धार बारीक पॉलिश पेपरने घासून, धुऊन परत ठेवता येईल, पण खिडकी माशाच्या अंगाएवढीच असेल तर नकोच, त्यात घुसून अडकलेले फायटर मी पाहिलेत. फिल्टर पाणी जिथून ओढतो ते तोंडही तपासा, तिथे स्पंजचा तुकडा लावा. चीर आपोआप भरेल.