साधी हायब्रिड की प्लग-इन? आधी रात्रीचं पार्किंग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजचं रनिंग चाळीस किलोमीटरच्या आसपास, महिन्यातून एखादा चारशे किलोमीटरचा प्रवास. एकाच गाडीच्या दोन आवृत्त्या समोर आहेत, एक साधी हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर) आणि एक प्लग-इन (तीच, पण बॅटरी बाहेरून चार्ज करता येणारी). प्लग-इन बरीच महाग आहे. पार्किंगमध्ये प्लग मिळेल की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि शोरूमवाला म्हणतो, "चार्ज नाही केली तरी चालतेच की, मग अडचण काय?"

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि गिऱ्हाइकाचे पैसे नेमके तिथेच जातात. चार्ज न करता चालवलेली प्लग-इन म्हणजे जास्त किंमत देऊन घेतलेली, जास्त वजनाची आणि थोडं कमी अ‍ॅव्हरेज देणारी हायब्रिड. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे तुमच्या हक्काचा प्लग असेल, तरच प्लग-इनचा विचार करा. नसेल तर साधी हायब्रिड घ्या आणि मोकळे व्हा. "होईल पुढे कधीतरी सोय" या भरवशावर प्लग-इन घेऊ नका. मी आधी काही वर्षं साधी हायब्रिड चालवली आणि आता प्लग-इन चालवतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार अनुभवाने सांगू शकतो.

साध्या हायब्रिडची बॅटरी अगदी छोटी असते, साधारण एक-दीड युनिटाची. युनिट म्हणजे वीजबिलावर असतं तेच. एवढ्याशा विजेवर गाडी फार तर दोन-चार किलोमीटर जाईल. पण वीज साठवून लांब जाणं हे त्या बॅटरीचं कामच नाही. ब्रेक दाबला की जी ऊर्जा एरवी ब्रेक तापवण्यात वाया गेली असती ती बॅटरीत घ्यायची, आणि पुढच्या सिग्नलवरून गाडी हलवताना ती लगेच खर्च करायची, हा उद्योग दिवसभर चालू असतो. शिवाय यांतल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन अ‍ॅटकिन्सन सायकलचं असतं. अशा इंजिनाची ताकद थोडी कमी, पण ते इंधन जपून पितं, आणि कमी पडलेला जोर मोटर भरून काढते. टोयोटाने १९९७ साली पहिली प्रियस आणली तेव्हापासून कल्पना हीच आहे, फक्त सुटे भाग सुधारत गेले. म्हणूनच ट्रॅफिकमध्ये रखडणाऱ्या माणसाला हायब्रिडचा फायदा सगळ्यात जास्त. हायवेवर ब्रेकच लागत नाही, तर बॅटरीत येणार काय? तिथे हायब्रिड आणि चांगलं पेट्रोल इंजिन यांच्यातला फरक बराच कमी होतो.

एक गोष्ट तपासून घ्या. ब्रोशरवर नुसतं "हायब्रिड" लिहिलं असेल तर ती माइल्ड हायब्रिड तर नाही ना, ते विचारा. त्यातली मोटर इंजिनाला थोडा धक्का देते, एवढंच. बहुतेक माइल्ड हायब्रिड गाड्या नुसत्या विजेवर हलत नाहीत. त्या या तुलनेतच येत नाहीत.

प्लग-इनमध्ये यंत्रणा बरीचशी तीच, पण बॅटरी कितीतरी मोठी आणि ती बाहेरून भरता येते. पाचव्या पिढीच्या प्रियसचंच उदाहरण घ्या. साध्या हायब्रिडमध्ये जेमतेम ०.९ युनिटाची बॅटरी आहे, प्लग-इनमध्ये १३.६ युनिटांची. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचणीत ही प्लग-इन नुसत्या विजेवर साधारण ७० किलोमीटर जाते. बॅटरी संपल्यावर ती हायब्रिडसारखीच चालते, पण तेव्हा अ‍ॅव्हरेज लिटरला सुमारे २२ किलोमीटर पडतं, आणि साध्या प्रियसचं सुमारे २४. हा फरक वाढलेल्या वजनाचा. ही झाली नीट बनवलेली गाडी. काही प्लग-इन म्हणजे मोठं टर्बो इंजिन आणि नेहमीचा गिअरबॉक्स यांना मोटर जोडलेली असते. बॅटरी रिकामी झाली की त्या गाड्या सरळ पेट्रोल गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर येतात. तुम्ही बघताय ती कुठल्या जातीची आहे हे कळायला कंपनीचा मोठ्या अक्षरातला आकडा उपयोगाचा नाही. तो बॅटरी भरलेली धरून काढलेला असतो. "बॅटरी रिकामी असताना अ‍ॅव्हरेज किती?" असं विचारा. सेल्समन गडबडला तर समजून जा.

आता हिशेब. मी दर लिहीत नाही, कारण तुमच्याकडचा विजेचा आणि पेट्रोलचा दर तुम्हालाच माहीत. चांगली हायब्रिड लिटरला वीसेक किलोमीटर देते असं धरा. तेवढेच वीस किलोमीटर विजेवर जायला, चार्जिंगमध्ये वाया जाते ती वीज धरून, भिंतीतून साधारण चार युनिटं ओढावी लागतात. म्हणजे परीक्षा सोपी आहे: चार युनिटांची किंमत एक लिटर पेट्रोलपेक्षा किती कमी? घरच्या मीटरवर उत्तर बहुतेक वेळा चांगलं येतं. पण हाच हिशेब सार्वजनिक चार्जरच्या दराने एकदा करून बघा. तिथला दर बऱ्याचदा घरच्या दोन-तीन पट असतो, आणि मग कधी कधी साधी हायब्रिडच स्वस्त पडते.

तुमच्या चाळीस किलोमीटरला हायब्रिडमध्ये रोज दोन लिटर पेट्रोल लागेल, प्लग-इनमध्ये आठ युनिटं. वर्षाचे अडीचशे दिवस कामाचे धरले तर एकीकडे ५०० लिटर पेट्रोल, दुसरीकडे २,००० युनिटं वीज. या दोन रकमांमधली तफावत म्हणजे तुमची वर्षाची बचत. दोन्ही गाड्यांच्या किमतीतल्या फरकाला तिने भागा, किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. भाग देण्याआधी चार्जिंग पॉइंट बसवण्याचा खर्च त्या फरकात मिळवा, सरकारी सवलत मिळत असेल तर वजा करा. उत्तर चार-पाच वर्षांच्या आत आलं तर मी प्लग-इन घेईन. आठ-दहा वर्षं येत असतील तर पैशासाठी म्हणून घेण्यात अर्थ नाही. मग शांत गाडी आवडते, पेट्रोल पंपावर कमी जावं लागतं, अशी कारणं उरतात. तीही कारणंच आहेत, पण ती हौसेच्या खात्यात लिहा.

लांबच्या प्रवासाचाही हिशेब करून टाकू, कारण तिथे बऱ्याच जणांची कल्पना वेगळी असते. चारशे किलोमीटर जायचं आहे. प्लग-इनचे पहिले साठेक किलोमीटर विजेवर गेले, तीन लिटर वाचले. उरलेले ३४० किलोमीटर रिकामी झालेली जड बॅटरी वाहून न्यायची. अ‍ॅव्हरेज आठ-नऊ टक्क्यांनी कमी धरलं तर तिथे दीड लिटर जास्त जळतं. हातात राहिलं दीड लिटर, त्यातून बारा युनिटांची वीज वजा करा. म्हणजे लांबच्या प्रवासात प्लग-इन काही कमावून देत नाही, फार काही घालवतही नाही. तुमचं मुख्य रनिंग रोजचं चाळीस किलोमीटर आहे, म्हणून ही गाडी तुमच्या बाबतीत विचारात घेण्यासारखी आहे. कुणाचं मुख्य रनिंगच हायवेवरचं असतं तर मी इतकं लिहिलंच नसतं.

माणसं खरंच चार्ज करतात का, याचं उत्तर फारसं चांगलं नाही. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधन मोजणीच्या यंत्रणेतून आलेली आकडेवारी जाहीर केली. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांची होती ती. प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये हाच फरक वीसेक टक्क्यांचा होता. कारण उघड आहे, चाचणीत जितकं चार्जिंग गृहीत धरतात तितकं लोक करत नाहीत. कंपनीकडून गाडी मिळालेले तर त्याहून कमी करतात. पेट्रोलचं बिल ऑफिस भरणार आणि विजेचं बिल घरी येणार, मग केबल कोण लावेल? गाडीला दोष देण्यासारखं यात काही नाही. तुम्ही मात्र स्वतःला एकदा विचारा: दमून घरी आल्यावर, हातात पिशव्या, बाहेर पाऊस, तेव्हा केबल काढून लावणार का? सवय लागली की अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण ज्याला केबल जिना उतरून नेऊन जोडायची आहे त्याला ती सवय लागत नाही, हे मी ओळखीच्यांमध्ये पाहिलंय.

विजेवरचे सगळे किलोमीटर कागदावरच्याइतके मिळत नाहीत, हेही धरून चाला. एसी, वेग, चढ, थंडी, सगळे आपापला वाटा घेतात. माझ्या गाडीत तर थंडीच्या सकाळी बॅटरी शंभर टक्के दाखवत असते, समोरची काच धुक्याने भरलेली असते, काच साफ करायचं बटण दाबतो आणि जागच्या जागी इंजिन सुरू! केबिनला लागणारी उष्णता माझ्या गाडीत इंजिनाकडूनच येते. ज्या प्लग-इनमध्ये हीट पंप, म्हणजे विजेवर केबिन गरम करणारी यंत्रणा, आहे तिथे हे बरंच टळतं. थंड हवामानात राहत असाल तर हा प्रश्न आधी विचारा, सनरूफचा नंतर. काही गाड्यांमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला तरी इंजिन जागं होतं. आणखी एक गंमत म्हणजे घर उंचावर असेल आणि सकाळी फुल चार्ज गाडी घेऊन उतारावरून निघालात, तर ब्रेकमधून वीज परत मिळत नाही, कारण बॅटरीत जागाच नसते.

चार्जिंगसाठी फार मोठं काही लागत नाही. तेरा-चौदा युनिटांची बॅटरी सव्वादोन किलोवॅटच्या साध्या पॉइंटवरून सहा-सात तासांत भरते, म्हणजे रात्र पुरते. पण पॉइंट स्वतंत्र वायरिंगचा, चांगल्या अर्थिंगचा हवा. सहा तास सलग करंट ओढल्यावर ढिला सॉकेट तापून वितळतो. एक्स्टेन्शन बोर्डवर तर अजिबात नको. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक आहे, चटका बसला तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. प्लग-इनची डिकी बऱ्याचदा उथळ असते, काहींत स्टेपनीच्या जागी पंक्चर किट मिळतं, काहींत पेट्रोलची टाकीही लहान असते. काहींची टाकी सीलबंद असते, पंपावर आधी बटण दाबून आतला दाब उतरायची वाट बघावी लागते. मागचा माणूस हॉर्न वाजवतो, वाजवू दे. इंजिन फार दिवस सुरूच झालं नाही तर पेट्रोल जुनं होतं, म्हणून शेव्हर्ले व्होल्ट ही प्लग-इन गाडी वर्षभराने टाकीतलं जुनं पेट्रोल स्वतःच इंजिन चालवून संपवायची. तुमच्या वापरात हा प्रश्न यायचा नाही. सर्व्हिसिंगमध्ये दोन्हींत मोठा फरक नाही, इंजिन दोन्हीकडे आहेच. बॅटरीच्या वॉरंटीची वर्षं आणि किलोमीटर मात्र दोन्हींचे वेगवेगळे वाचा. साध्या हायब्रिडची बॅटरी मधल्या पट्ट्यातच खेळवतात, ती ना पूर्ण भरतात ना पूर्ण रिकामी करतात, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. प्लग-इनची बॅटरी जवळजवळ रोज भरते आणि रिकामी होते, आणि बदलायची वेळ आली तर ती मोठी म्हणून महागही.

कुणीतरी खाली विचारणारच की घरी प्लग आहे आणि रोजचं रनिंग कमी आहे तर सरळ इलेक्ट्रिकच का नको? घरात दुसरी गाडी असेल, किंवा लांबच्या रस्त्यावर भरवशाचे फास्ट चार्जर असतील, तर जरूर घ्या. बऱ्याच प्लग-इनना फास्ट चार्जिंग नसतं, त्यामुळे वाटेत थांबून बॅटरी भरण्याचा मार्ग त्यांना तसाही बंद असतो. सार्वजनिक चार्जरवर ३.३ किलोवॅटने तीन-चार तास गाडी लावून ठेवलीत तर इलेक्ट्रिकवाल्यांच्या शिव्या मात्र मिळतील.

आता तुम्ही करायचं ते असं. गाडी बुक करण्याआधी पार्किंगमधल्या प्लगची परवानगी लेखी घ्या आणि तिथे तुमच्या मीटरवरून वायर ओढता येते का ते इलेक्ट्रिशियनला दाखवा. मग टेस्ट ड्राइव्हला जा. शोरूमवाले प्लग-इन नेहमी फुल चार्ज करून देतात, ती तशी घेऊ नका. बॅटरी संपलेली गाडी मागा, घरचे चौघे बसवा आणि एखाद्या लांब चढावर न्या. इंजिनाचा आवाज, पिकअप आणि स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज तिथे कळेल. त्यानंतर लगेच साधी हायब्रिड त्याच चढावर चालवा. प्लगची परवानगी महिनाभरात मिळाली नाही तर त्या दुसऱ्या गाडीचं बुकिंग करा.