डब्यात पाणी भरपूर आहे, वातही लावलीय, तरी माझ्या आफ्रिकन व्हायोलेटची पानं तहानेल्यासारखी लोळतायत, असं का?

तुम्ही लिहिलंय की नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या कुंडीत खालून सुती दोरी (हीच वात) घातली, तिचं दुसरं टोक पाण्यात सोडून कुंडी पाण्याच्या डब्यावर ठेवली, तीन आठवडे झाले, माती वरून ओलीचिंब लागते आणि पानं मात्र मऊ पडून कुंडीच्या काठावर लोळतायत, तर अजून एक वात वाढवू का. नका वाढवू! आधी डब्यावरून कुंडी उचला आणि मग पुढचं वाचा.

मी हे अगदी असंच करून ओळीने चार झाडं घालवलीत. आणि दरवेळी पानं लोळली की मी काय करायचे, तर डब्यात अजून पाणी ओतायचे, कारण पान लोळलं म्हणजे झाडाला पाणी कमी पडलं हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की दुसरं काही सुचतच नाही. चौथ्या वेळी वैतागून कुंडी उलटी केली आणि मातीचा गड्डा हातावर घेतला. मुठीत हलकं दाबलं तर पाणी टपकायला लागलं. मुळं सगळी तपकिरी, एक धरून ओढलं तर वरची साल सुटून बोटांना चिकटली आणि आतला नुसता दोऱ्यासारखा तंतू मागे राहिला. वास कसा, तर फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही की येतो तसा. व्हायोलेटची चांगली मुळं पांढरी असतात, केसासारखी बारीक, आणि त्यांना मातीचाच वास येतो. तुम्हीही हे एकदा करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि उत्तर हातात मिळतं.

होतं काय, मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांच्या नाकातोंडात पाणी जातं म्हणा ना, ती गुदमरून मरायला लागतात, मग पिथियमसारखे, मुळं कुजवणारे बुरशीसारखे जीव आत शिरतात. मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं आहे आणि वर पानांपर्यंत थेंब पोचत नाही. म्हणून तहानेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून बघितलं तर सारखंच दिसतं. फरक कुंडी उचलून कळतो, तहानेली कुंडी हातात हलकी लागते आणि बुडालेली जड.

आता यात वातीचा दोष किती? माझ्या मते फारच थोडा. दोष मातीचा. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसंच इथे पाणी वर चढतं, वातीला कधी थांबायचं हे कळत नाही, ते माती ठरवते. मातीतल्या पोकळ्या जितक्या बारीक तितकी ती पाणी जास्त ओढते आणि जास्त धरून ठेवते. बागेतली माती किंवा नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर ती सगळी भरेपर्यंत ओढतच राहते. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीचा खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे, ते मोठे असतात, त्यांच्यामधल्या फटी एवढ्या मोठ्या की वातीच्या ओढीने त्या भरत नाहीत, तिथे हवा टिकते. वरून हाताने पाणी देताना साधी माती चालून जाते कारण दोन पाण्यांच्या मधे ती सुकते, हवा आत येते. वात लावली की ती मधली सुट्टी संपली! म्हणून आधी माती बदलायची आणि मगच वात लावायची, हा क्रम उलटा केला की तुमचं-माझं झालं तसं होतं.

मी अर्ध्याच्या वर पर्लाइट घालते. म्हणजे दोन वाट्या पर्लाइट, एक वाटी कोकोपीट (आधी दोनतीनदा धुवून, त्यात क्षार असतात) आणि एक वाटीला थोडं कमीच व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज). कोकोपीटऐवजी पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळ्याचा वाळलेला भुसा) घेतलं तरी चालतं. बागेची माती, शेणखत, कंपोस्ट यातलं काहीही नको. पहिल्यांदा हे मिश्रण बघितलं तर माणूस म्हणतो यात झाड जगेल कसं, हे तर नुसते पांढरे खडे. तपासायची सोपी युक्ती म्हणजे मिश्रण भिजवून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची, लाडवासारखा गोळा राहिला तर पर्लाइट कमी आहे, लगेच भुगा होऊन पडलं तर बरोबर. पर्लाइट मिसळताना आधी थोडं पाणी शिंपडा हां, त्याची बारीक धूळ उडते आणि नाकात जाते.

आणि हे झाडाच्या स्वभावालाही धरून आहे. हे मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, टांझानियाच्या उसांबारा डोंगरात आणि केनियाच्या काही भागात सावलीतल्या खडकांवर, शेवाळ्यात, पालापाचोळ्याच्या पातळ थरात उगवणारं, त्यामुळे मुळं उथळ आणि नाजूक. सेंट पॉल नावाच्या जर्मन बॅरनने 1892 च्या सुमारास ते तिथून जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठवलं आणि 1893 मध्ये वेंडलांड या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. खऱ्या व्हायोलेटशी याचं काही नातं नाही, आता तर शास्त्रज्ञांनी त्याला स्ट्रेप्टोकार्पस नावाच्या वनस्पतींच्या गटात घातलंय, पण आपण व्हायोलेटच म्हणणार.

बरं, आता वात. सुती दोरी आधी काढून टाका. सूत सुरुवातीला पाणी झकास ओढतं पण सतत ओलं राहून कुजतं, आणि कुजलं की मातीतच तुटतं, मग तुम्हाला वाटतं वात चालू आहे आणि प्रत्यक्षात ती कधीच गेलेली असते. सिंथेटिक हवी, अॅक्रिलिक लोकर किंवा नायलॉनची मऊ पिळाची दोरी. माझी सगळी झाडं उरलेल्या स्वेटरच्या अॅक्रिलिक लोकरीवर आहेत. तीन इंची कुंडीला लोकरीचा एकच धागा पुरतो, लोकर जाड असेल तर मी पीळ सोडवून त्यातले दोनच पदर घेते. जाड वात म्हणजे जास्त चांगली हा गैरसमज आहे, उलट माती जास्त ओली वाटली तर वात बारीक करणं हाच पहिला उपाय. नवी लोकर कधीकधी पाणी धरतच नाही कारण तिच्यावर कारखान्यातला काहीतरी लेप असतो, तर गरम पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून चोळायची आणि खळखळून धुवायची. मग वाळवून एक टोक पाण्यात सोडायचं आणि बघत बसायचं, दोनतीन मिनिटांत ओल वर सरकताना दिसली तर ती लोकर घ्या, नाही सरकली तर दुसरी.

घालायची कशी यावर लोकांची भांडणं होतात, कुणी वात थेट मातीच्या वरपर्यंत नेतात, कुणी तळाशीच गोल वेटोळं करतात. मी कुंडी भरायच्या आधीच भोकातून वात आत घेते, तळाला एक वेढा देते, टोक साधारण अर्ध्या उंचीपर्यंत वर धरते आणि भोवतीने मिश्रण सोडते. दाबत नाही, कुंडी नुसती टेबलावर दोनदा आपटते, तेवढं पुरे. झाड आधीच कुंडीत असेल तर मोठ्या सुईने किंवा क्रोशाच्या आकड्याने खालून वर ओढून घेता येते पण थोडी मुळं तुटतात. कुंडी लहानच ठेवा, पानांच्या घेराच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची, म्हणजे नऊ इंच पसरलेल्या झाडाला तीन इंची. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओलीच राहते आणि कूज तिथूनच सुरू होते.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. कुंडी डब्यावर ठेवायच्या आधी वरून पाणी घालायचं, खालून आणि वातीतून टपकेपर्यंत, आणि पूर्ण निथळू द्यायचं. कोरडी वात कोरड्या मातीत आपणहून चालू होत नाही, पाण्याची सलग साखळी एकदा बनावी लागते. पुढे कधी डबा बरेच दिवस रिकामा राहून माती खडखडीत वाळली तरी हेच, नुसता डबा भरून उपयोग नाही, वरून एकदा पाणी दिल्याशिवाय गाडी सुरू होत नाही.

डबा झाकणाचा घ्या, झाकणाला वातीपुरतं भोक, कुंडी झाकणावर. कुंडीचा तळ पाण्याला अजिबात टेकता कामा नये, मधे एकदोन सेंटीमीटर हवा हवीच, आणि वात मात्र डब्याच्या तळापर्यंत लोंबती हवी. डबा पारदर्शक असेल तर पंधरा दिवसांत हिरवं शेवाळ धरतं, झाडाला त्याने लगेच काही होत नाही पण वातीवर बुळबुळीत थर बसतो. काळा रंग द्या नाहीतर बाहेरून कागद गुंडाळा. मी एका बाजूला बोटभर पट्टी उघडी ठेवते, पाणी किती राहिलंय ते दिसतं.

डबा संपला की लगेच भरायचा असंही नाही. मी एक दिवस, हवा दमट असेल तर दोन दिवस रिकामा राहू देते, माती वरून किंचित फिकट दिसली की भरते. या एका सवयीने माझी जितकी झाडं वाचली तितकी दुसऱ्या कशाने नाही. थंडीत तर काही झाडं मी डब्यावरून उतरवूनच ठेवते, कारण 18 अंशांच्या खाली झाड फारसं पीत नाही आणि माती ओलीच्या ओली राहते. भरायचं पाणी खोलीत ठेवलेलं घ्या. गार पाण्याचे थेंब पानावर पडले तर पिवळट पांढरे गोल डाग पडतात आणि ते डाग पान असेपर्यंत तसेच राहतात, लोक त्याला रोग समजून औषधं फवारत बसतात.

खत याच पाण्यातून जातं म्हणून अगदी पातळ हवं. पाकिटावरचा डोस अधूनमधून घालायचा असतो, इथे झाड रोज तेच पितंय. मी चार लिटर पाण्याला छोट्या चमच्याचा आठवा भाग, बस. तरीही पाणी वरून उडून जातं आणि क्षार मागे राहतात, मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरट खरपुडी दिसायला लागते. त्या काठावर पानाचा देठ टेकला की तिथे तपकिरी चट्टा पडून पान गळून पडतं. त्यावर उपाय, महिन्या-दीड महिन्याने वरून साध्या पाण्याने कुंडी चांगली धुवून निथळवायची आणि डब्यातलं जुनं पाणी फेकून नवं भरायचं. वर्षातून एकदा तरी माती बदला, जमलं तर दोनदा.

एक खरं सांगू का, तुमच्याकडे दोनच झाडं असतील आणि रोज बघायला वेळ असेल तर वातीची गरजच नाही. बशीत पाणी घेऊन कुंडी वीसपंचवीस मिनिटं ठेवा, उरलेलं ओतून द्या, झालं. माझ्याकडे तिसाच्या वर कुंड्या आहेत आणि कामासाठी मला आठ-आठ दिवस बाहेर राहावं लागतं म्हणून मी या भानगडीत पडले.

तुमच्या आत्ताच्या झाडाचं म्हणाल तर गड्डा बाहेर काढा, कुजलेली मुळं आणि ओली माती काढून टाका. पांढरी मुळं थोडी जरी उरली असतील तर बाहेरच्या दोनतीन ओळी पानं काढून (मुळं कमी, तर पानंही कमी हवीत) लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावा, जेमतेम ओल ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी घाला आणि उन्हात अजिबात ठेवू नका. खोडाचा मधला गाभा कापल्यावर तपकिरी आणि मऊ निघाला तर झाड गेलं, त्यावर वेळ घालवू नका. पण तेव्हाही पानं टाकू नका! मधल्या ओळीतलं एखादं कडक, निरोगी पान घ्या, देठ इंचभर ठेवून तिरका कापा, त्याच पर्लाइटच्या मिश्रणात टोचा आणि पिशवीत झाका. महिनाभरात मुळं धरतात, मग अजून दोनएक महिन्यांनी देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पानं मातीतून वर येतात. माझ्याकडचं चौथं झाड असंच गेलं आणि त्याच्या एका पानातून तीन झाली, त्यातलं एक आत्ता समोर फुललंय.

फक्त त्या पानाच्या कुंडीला एवढ्यात वात लावू नका.