प्रसूतीच्या बॅगेत पावडरचा डबा ठेवायचा का?

प्रश्न : आठवा महिना सरत आला आहे. बाळाला अंगावरच पाजायचं ठरवलंय. पण मोठ्या जाऊबाई म्हणतात, 'पहिले दोन-तीन दिवस दूध उतरत नाही, तोवर बाळाला काय देणार? फॉर्म्युलाचा एक डबा बॅगेत असू दे.' नेला तर बिघडलं कुठे?

उत्तर : नेऊ नका. मात्र त्याआधी रुग्णालयात फोन करून विचारा की गरज पडली तर फॉर्म्युला तुम्ही देता का, तो किती द्यायचा हे कोण ठरवतं, आणि पाजताना मदत करणारं कुणी रात्रपाळीला असतं का. तिसरं उत्तर सर्वांत महत्त्वाचं.

जाऊबाईंचं निम्मं खरं आहे. भरभरून पान्हा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फुटतो. पहिलटकरणीला, सिझर झालेल्यांना किंवा मधुमेह असलेल्यांना थोडा उशीरही होतो. पण तोवर छाती रिकामी नसते. चीक गरोदरपणातच तयार होऊ लागतो, आणि बाळाची भूकही तेवढीच असते: पहिल्या दिवशी एका वेळेला २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. लहान चमचा ५ मिलीचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. पंप लावून पाहिलं तर हा घट्ट चीक नळीत आणि कपच्या कडेलाच चिकटतो, आणि 'मला दूधच नाही' अशी समजूत होते. या दिवसांत हाताने पिळणं जास्त कामाचं.

खरी गोची दुसऱ्या रात्री होते. पहिला दिवस झोपेत काढलेलं बाळ आता तासातासाला छाती मागतं आणि खाली ठेवलं की रडतं. हे बहुतेक बाळं करतात. त्या चोखण्यानेच दूध वाढतं. पण पहाटे दोन वाजता डबा हाताशी असला की कुणीतरी ६० मिली बनवतं. बाटलीतून आपोआप वाहणारं दूध बाळ गिळतं आणि चार तास गाढ झोपतं. सगळे म्हणतात, बघा, भुकेलंच होतं! त्या चार तासांत छातीला मागणी पोहोचत नाही, पुढे दूध दाटून छाती दगडासारखी होते, बाळाला नीट पकडता येत नाही, आणि पुन्हा बाटली येते. शिवाय बाळाची पकड चुकत असेल किंवा कावीळीमुळे ते सुस्त असेल, तर तेही झाकलं जातं, कारण नर्सला हाक मारायची वेळच आलेली नसते. डबा न नेण्याचं आमच्या मते मोठं कारण हेच.

म्हणून रडण्यावरून नव्हे, खुणांवरून ठरवा. चोखताना हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, तो घोट. तसे घोट दिसायला हवेत. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं व्हावं. ओले लंगोट पहिल्या दिवशी निदान १, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ३, पाचव्या दिवसापासून ६ किंवा जास्त. काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. तीन दिवसांनंतरही लंगोटावर विटकरी डाग दिसत असतील, तर दूध कमी पडतंय.

वजन सुरुवातीला उतरतंच. ३ किलोच्या बाळाचं २०० ग्रॅमच्या आसपास घटलं तर पाजणं नीट तपासून घ्या; घट ३०० ग्रॅमच्या घरात गेली तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. रक्तातली साखर उतरणं, बाळ उठवूनही न उठणं, वाढती कावीळ, बाळंतिणीला झालेला मोठा रक्तस्राव, यांत वरचं दूध लागू शकतं. तेव्हा ते घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. क्रम असा: आधी छातीला, मग स्वतःचा पिळलेला चीक, मग मिळत असेल तर दूधपेढीचं, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं दूध, आणि शेवटी फॉर्म्युला. तोही डॉक्टर सांगतील तेवढाच, चमच्याने किंवा छोट्या वाटीने. पहिल्या दिवसांत बहुधा १०-१५ मिली पुरतो. आणि वरचं दूध दिलं की प्रत्येक वेळी छाती पिळायचीच.

वैद्यकीय कारणाने किंवा स्वतःच्या निर्णयाने अंगावर पाजणार नसाल, तर अर्थात हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : मला गरोदरपणातला मधुमेह आहे. जन्मानंतर बाळाची साखर उतरू शकते असं सांगितलंय. मग फॉर्म्युला नेऊ का?

उत्तर : त्याऐवजी डॉक्टरांना विचारून ३६ आठवड्यांनंतर चीक साठवता येतो. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल, तर मात्र अजिबात नाही.

हात धुवा. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून २-३ सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. कातडीवर बोटं घासू नका. दिवसातून एक-दोनदा, दर बाजूला ३ ते ५ मिनिटं. थेंब सुईविना १ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढा, टोपण लावा, तारीख लिहा, फ्रीझरमध्ये ठेवा. कळा जाणवल्या तर थांबा. काहीच निघालं नाही तरी पुढे दूध येणार नाही असा अर्थ होत नाही. रुग्णालयात बर्फाच्या पिशवीतून न्या आणि लागतील तेवढ्याच सिरिंज वितळवा. फ्रिजमध्ये वितळलेला चीक २४ तासांत वापरावा लागतो. बाळाच्या साखरेच्या तपासण्या मात्र ठरल्याप्रमाणे होऊ द्या.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाने फॉर्म्युला स्वतःचाच आणायला सांगितलाय.

उत्तर : मग जन्मापासून चालणारा, सर्वांत लहान आणि सीलबंद पॅक घ्या, तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय फोडू नका. तयार द्रवरूपातला मिळाला तर उत्तम, कारण तो निर्जंतुक असतो. पावडर तशी नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो, आणि नवजात बाळाला तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, निदान ७० अंशांवर असताना वापरायचं. फ्लास्कमधलं कोमट पाणी चालत नाही. निर्जंतुक भांड्यात आधी पाणी मोजा, मग डब्यातल्या मापाने सपाट चमचे घाला, ढवळा, भांडं गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. 'थोडं दाट करू' म्हणून जादा चमचा घातला तर बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पातळ केलं तर पोषण कमी पडतं. बनवल्यापासून दोन तासांत न वापरलेलं आणि पाजून उरलेलं दूध ओतून द्या.