खोड बारीक झालं की टेप सरकली?

प्रश्न : आमचा गट जंगलातल्या ठरावीक झाडांचा व्यास दरवर्षी मोजतो. साध्या टेपने गोलाई घेऊन ३.१४१६ ने भागतो. यंदा काही झाडांचा व्यास तीन-चार मिलिमीटरने कमी भरला. झाडं तर धडधाकट आहेत. मग असं कसं?

उत्तर : बहुतेक वेळा खोड बदललेलं नसतं, मोजायची जागा बदललेली असते. व्यास छातीच्या उंचीवर घेतात. भारतात ही उंची १.३७ मीटर धरतात, अनेक देशांत १.३ मीटर. खोड वर निमुळतं होत जातं, त्यामुळे गेल्या वर्षी टेप थोडी खाली लागली असेल तर यंदाचा आकडा कमीच येणार. उंची अंदाजाने धरू नका. त्या मापाची काठी पालापाचोळा बाजूला सारून थेट जमिनीवर टेकवा.

दुसरं कारण गेल्या वर्षी तिरकी लागलेली टेप. ४० सेंमी व्यासाच्या खोडावर टेप मागच्या बाजूला १० सेंमी खाली घसरली, तर व्यास जवळपास ६ मिमी जास्त येतो. कित्येक झाडं वर्षभरात तेवढी वाढतही नाहीत! तिरकी टेप नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणून मोठ्या झाडाला दोघं हवेत. एकाने मागे जाऊन टेप बघायलाच हवी. वेल असेल तर टेप वेलीखालून घ्या, वेल तोडू नका. सुटं शेवाळ हाताने झाडा, पण साल खरवडू नका.

साल गळून पडली असेल, तर मात्र घट खरी असते. कोरड्या दिवसांत पाणी कमी झाल्यानेही खोड किंचित आकसतं. तेव्हा मोजणी दरवर्षी त्याच हंगामात करा.

मोजायची जागा बदलू नये यावर खात्रीचा उपाय म्हणजे मोजायच्या रेषेवर रंगाचा पट्टा. टेप पट्ट्याच्या वरच्या कडेला लावायची की खालच्या, हेही वहीत लिहा. नंबरपट्टीचा खिळा त्या रेषेवर ठोकू नका, जखमेभोवती खोड फुगतं. खिळा ३० सेंमी तरी दूर हवा.

प्रश्न : उतारावरची, कललेली आणि दुबेळक्याची झाडं कशी मोजायची?

उत्तर : उतारावर उंची वरच्या अंगाच्या जमिनीपासून धरा. कललेल्या झाडाची उंची खोडालगत मोजा आणि टेप खोडाला काटकोनात गुंडाळा, जमिनीला समांतर नव्हे. दुबेळकं छातीच्या उंचीखाली असेल तर दोन खोडं वेगळी मोजतात, वर असेल तर एकच. नेमकी तिथेच गाठ आली, तर गाठीच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर मोजून सरासरी काढा. बुंध्याला फळ्यांसारखे आधार फुटले असतील, तर ते संपतात त्याच्या ५० सेंमी वर मोजा आणि ती उंची नोंदवा. ती नोंद नसेल, तर पुढच्या वर्षीचा आकडा कशाशीच जुळणार नाही.