बीके-७ प्रिझमची दुर्बीण घ्यावी का?

विट्याच्या दादांचा प्रश्न: हिवाळ्यात मायणी, येरळवाडीला पक्षी बघायला १०×५० दुर्बीण घ्यायची आहे, बजेट बेताचं, आणि दुकानदार म्हणतो बीके-७ प्रिझम म्हणजे हलका माल, बाक-४ काचेचाच घ्या.

हलका माल वगैरे काही नाही. बीके-७ ही बोरोसिलिकेट क्राऊन काच. स्वच्छ, कडक, पॉलिशला सोपी आणि स्वस्त. प्रयोगशाळेतली कितीतरी भिंगं याच काचेची. अ‍ॅबे अंक ६४, म्हणजे रंग फारसे फाकत नाहीत. (बोरोसिलिकेट म्हटलं म्हणून ओव्हनच्या भांड्यासारखी गरम-थंड सोसेल असं मात्र नाही, तापल्यावर ही त्याच्या दुपटीने प्रसरण पावते.)

अडचण येते ती पोरो प्रिझममध्ये (दुर्बिणीतलं उलटं चित्र सुलटं करणारे काचेचे लोलक). तिथे प्रकाश काचेच्या आतून ४५ अंशांत आदळून पूर्ण परतायला हवा. बीके-७ चा अपवर्तनांक १.५१७, क्रांतिक कोन ४१.२ अंश (याहून कमी कोनात आदळलेला प्रकाश काचेबाहेर निसटतो). बाक-४ चे हेच आकडे १.५६९ आणि ३९.६. नळी आखूड असली की वस्तुभिंगाच्या कडेचे किरण जास्त तिरके येतात आणि बीके-७ मधून त्यातले काही निसटतात. दुकानातच बघा: दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखा, सूर्य टाळून. नेत्रिकेतला उजेडाचा ठिपका कडेपर्यंत लख्ख गोल असेल तर बहुधा बाक-४. मधे चौकोनी उजेड आणि भोवती करड्या पाचरी, तर बीके-७.

आता हिशेब करा. १०×५० म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी वस्तुभिंगाची; तिचा हा ठिपका ५०÷१० = ५ मिमीचा, भरदिवसा आपल्या डोळ्याची बाहुली २-३ मिमीची. त्या करड्या पाचरी डोळ्यात शिरतच नाहीत! मायणीच्या तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघताना फरक जाणवणार नाही. जतकडच्या माळावर अमावास्येला तारे बघायचे असतील तर बाहुली मोठी होते. तिथे बाक-४ ला जादा पैसे द्यावेत.

दुकानदाराला विचारायचं ते कोटिंगचं, म्हणजे काचेवरच्या प्रकाश परतू न देणाऱ्या पातळ थराचं. बिनकोटिंगची बीके-७ दर पृष्ठभागाला ४ टक्क्यांवर प्रकाश परत फेकते, बाक-४ तर जवळजवळ ५. असे १० पृष्ठभाग ओलांडताना एक तृतीयांश उजेड गेलाच. चांगल्या मल्टिकोटिंगने ही गळती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. ट्यूबलाइटखाली वस्तुभिंगात डोकवा, एकामागे एक प्रतिबिंबं दिसतील. हिरवट-जांभळी असली तर कोटिंग आहे. मधेच एखादं पांढरंफटक दिसलं तर तेवढा पृष्ठभाग कोरा सोडलाय. लालभडक चमकणारी भिंगं घेऊ नका, लाल रंग बाहेरच परततो आणि चित्र हिरवट दिसतं.